जादा पट्ट्याची गोष्ट: चिखल्याचं मँगनीज, जीपची कमानी आणि कच्चं बिल

थोडं लांब झालंय, सवडीनं वाचा.

जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो दर काही महिन्यांनी आपल्या ग्रुपवर येतात. रस्त्यावर सायलेन्सर ओळीनं मांडलेले, बाजूला अधिकारी, मागे गर्दी. खाली सगळे लिहितात, "बरं झालं, कान किटले होते." मीही लिहिलंय. बुलेटच्या फटाक्यांनी माझंही डोकं उठतं. पण ते फोटो बघताना एक प्रश्न दरवेळी पडतो. हे सायलेन्सर त्या पोरांनी घरी तर बनवले नाहीत. कोणीतरी विकले, पैसे घेतले, दुकानासमोरच बसवून दिले. रोलर विकत घेतलेल्या मालावर फिरतो, विकणाऱ्याच्या शटरपर्यंत काही जात नाही. असं का, ते शोधता शोधता मी आपल्याच गावच्या डोंगरापर्यंत येऊन पोहोचलो.

कारण आपल्या भागात गाडीची ताकद वाढवायची म्हणून जो पार्ट सगळ्यात जास्त विकला गेला, तो सायलेन्सर नाही. तो आहे कमानीचा जादा पट्टा. तुमसर, गोबरवाही, नाकाडोंगरी, सीतासावंगी, तिकडे कटंगीपर्यंत ज्या काळ्या-पिवळ्या जीपा चालल्या, त्यांच्या मागच्या कमानीत कंपनीनं दिलेले पट्टे मोजा आणि प्रत्यक्षातले मोजा. हिशोब जुळत नाही. शहरातला पोरगा गाडी पळावी म्हणून पार्ट टाकतो. आपल्याकडे गाडी बसू नये म्हणून टाकतात. इंग्रजीत दोघांना एकच नाव आहे.

आता हा पट्टा म्हणजे काय, ते चिखल्याच्या माणसाला मी सांगायची गरज नसावी, पण आहे. आपण मँगनीजच्या मातीवर वाढलो आणि त्याचं पुढे काय होतं हे फार जणांना ठाऊक नसतं. १८९६ मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली, ती १९२४ मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. इंग्रजांची कंपनी, माल बोटीनं विलायतेला. १९६२ मध्ये सरकार त्यात उतरलं आणि मॉइल तयार झाली, १९७७ मध्ये जुन्या कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारनं घेतला. या सगळ्या पट्ट्याचा अभ्यास फर्मोर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं केला, १९०९ मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ आला. इथल्या एका खडकाला त्यानं गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. जगाच्या पुस्तकांत ते नाव आजही आहे. आपल्या शाळेत ते मला कोणी सांगितलं नाही, हे जाता जाता.

तर हे मँगनीज जातं पोलादात. १८८२ मध्ये शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं पोलादात १२-१३ टक्के मँगनीज घातलं, तर ते ठोकावं तितकं कडक होतं असं त्याला दिसलं. रेल्वेचे सांधे, दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे त्याचेच. कमानीला मात्र इतकं लागत नाही. कमानीचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं. कार्बन अर्धा-पाऊण टक्का, सिलिकॉन दीड-दोन टक्के, मँगनीज एक टक्क्याच्या आतबाहेर. म्हणजे ४ किलोच्या एका पट्ट्यात मँगनीज ३०-४० ग्रॅम. मुठीत मावेल एवढं. पण तेवढ्यावरच पट्टा वाकून परत जागेवर येतो.

नुसतं पोलाद बरोबर असूनही भागत नाही. पट्टा साधारण ८५० ते ९०० अंशांवर लालभडक करून तेलात विझवतात, मग ४५०-५०० अंशांवर पुन्हा तापवतात. आपले लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात ते हेच. पाणी कमी पडलं तर पट्टा महिन्याभरात बसतो. जास्त झालं तर बसत नाही, मोडतो. गावात बसलेला पट्टा भट्टीत घालून घणानं परत कमान चढवून घ्यायची पद्धत होती, अजून आहे. त्यात दिसायला कमान येते, पण भट्टीत कारखान्याचं पाणी उतरून जातं. पंधरा-वीस दिवस गाडी ताठ उभी राहते, मग पुन्हा मागून बसते. यात लोहाराचा दोष नाही. त्याच्याकडे तापमान मोजायला डोळेच आहेत.

या भागात जीप आली तीच मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या उरलेल्या मालातून. लढाई संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या गाड्या लिलावात निघाल्या आणि जंगल-खाणीच्या कामाला लागल्या. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. ती पेट्रोलवर. १९७३ मध्ये अरबांनी तेल आवळलं, भाव काही महिन्यांत चौपट झाला, आणि पेट्रोलची जीप भाड्यानं चालवणं परवडेनासं झालं. मग गॅरेजवाल्यांनी पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवायला सुरुवात केली. पुढे ऐंशीच्या दशकात महिंद्रांनी स्वतःच प्यूजोचं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं. म्हणजे गॅरेजवाल्यांनी जे आधी केलं ते कंपनीनं नंतर केलं. गाडीत बदल करणारा माणूस हौशी टवाळच असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

डिझेल इंजिन वजनदार. त्यात माणसं आठऐवजी अठरा. मग कमानी बसायची. आणि तिथून सुरू झाला हा व्यवहार: "भाऊ, एक पट्टा वाढवून देऊ का?"

त्या काळात विकत घेणाऱ्याची अवस्था आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. गाड्या मोजून दोन-तीन कंपन्यांच्या. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर, बाहेरून पार्ट आणायचा तोही परवान्यावर. टंचाई कायमची. टंचाईत दुकानदार राजा असतो. 'ओरिजिनल', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' हे तीन शब्द मराठीत गाडीच्या दुकानांतूनच पक्के झाले असावेत, असं माझं आपलं मत. गंमत म्हणजे 'लोकल' ही शिवी नव्हती. लोकल म्हणजे लुधियाना, दिल्ली, यमुनानगर, कुठेतरी छोट्या कारखान्यात बनलेला माल. त्यातला काही कंपनीच्या तोडीचा होता, काही नुसता रंग मारलेला. फरक फक्त दुकानदाराला ठाऊक. तो गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवायचा की यातला कुठला बाहेर काढायचा.

कायदा तेव्हा काय म्हणत होता, ते मी मुद्दाम शोधून वाचलं आणि मजा वाटली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल करायचा तर कार्यालयाला कळवायचं आणि मंजुरी घ्यायची, असं होतं. कार्यालयानं ७ दिवसांत उत्तर द्यायचं. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं! १९८८ च्या नव्या कायद्याच्या कलम ५२ मध्येही हीच तरतूद सुरुवातीला होती. फिटिंगमुळे गाडीचं रिकामं वजन दोन टक्क्यांपर्यंत बदललं तर विचारायचीही गरज नव्हती. म्हणजे सरकार मालकाला म्हणत होतं, आम्हाला सांग, आम्ही गप्प बसलो तर तुझं काम कर.

२००० सालच्या दुरुस्तीनं हे उलटं केलं. कंपनीनं जे दिलं आणि आरसी बुकात जे लिहिलं, त्यापेक्षा वेगळं काही करायचंच नाही. सीएनजी किट वगैरे ठराविक सोडून. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायदा पुन्हा दुरुस्त झाला आणि कलम १८२-अ आलं. त्याच्याकडे शेवटी येतो, खरी गोम तिथे आहे.

मधे वजनाची गोष्ट राहिली. कमानीचा पट्टा आणि ओव्हरलोड ही जुळी भावंडं. काही राज्यं तर जादा वजनाचे पैसे ठोक घेऊन कार्ड द्यायची, ते दाखवलं की महिनाभर गाडी मोकळी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बंद करायला लावलं. मग २०१८ च्या जुलैमध्ये केंद्रानं वजनाची मर्यादाच वाढवली. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला १०.२ टन होते, ते ११.५ टन झाले. कालपर्यंत जो गुन्हा होता त्यातला बराच भाग एका अधिसूचनेनं कायदेशीर झाला. पट्टा विकणाऱ्याला त्याचा काही तोटा झाला नाही. मर्यादा कितीही असो, तिच्या वर एक टन भरणारा माणूस असतोच.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी आमच्या पिकअपची मागची कमानी बसायला लागली. धान आणि वीट, दोन्ही वाहायचो. शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून काही होणार नाही आणि तसली दुकानं गल्लीगल्लीत आहेत. काउंटरवरच्या माणसानं दोन पट्टे काढले. चकचकीत काळा रंग, वर स्टिकर 'हेवी ड्यूटी ओव्हरलोड'. मी विचारलं, गॅरंटी? म्हणाला, "दादा, आयुष्यभर बसणार नाही." मी बिल मागितलं. "पक्कं बिल घेतलं तर टॅक्स लागेल, तुम्हीच बघा." मी बघितलं, आणि मला स्वस्त दिसलं. पिवळ्या कागदावर 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी घेऊन घरी आलो. त्यावर ना दुकानाचं नाव, ना नंबर, ना मालाचं वर्णन. '२ नग' आणि रक्कम.

सव्वा महिन्यात दोन्ही पट्टे सपाट. परत घेऊन गेलो. त्यानं पट्टा उलटासुलटा केला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही ओव्हरलोड केलं असणार. ओव्हरलोडला गॅरंटी नसते."

स्टिकर अजून पट्ट्यावर होतं. मी बोटानं दाखवलं. तो हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. चिठ्ठी दाखवली तर म्हणाला, ही आमची कशावरून?

त्या दिवशी कळलं की पक्क्या बिलाच्या टॅक्समध्ये मी काय वाचवलं आणि काय घालवलं. सुट्या भागांवर तेव्हा टॅक्स जबर होता, बऱ्याच भागांना २८ टक्के. आता सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या वाहन भागांना १८ टक्के झालाय. म्हणजे कच्च्या बिलाचं आमिष थोडं कमी झालं, गेलं नाही.

नंतर वाचलं ते तुमच्या कामाचं आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे समज असा की गाडी धंद्याची असली की ग्राहक न्यायालय दारात उभं करत नाही. अर्धं खरं. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा ग्राहक ठरत नाही, पण स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबून वापरत असेल तर ठरतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे समजावताना स्वतः ऑटोरिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचंच उदाहरण दिलं होतं. म्हणजे स्वतःची जीप स्वतः हाकणारा आपला माणूस ग्राहकच आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. माल दिल्लीहून मागवला असला तरी भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात चालेल. मालाची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघावा, पुष्कळदा तेवढ्यानेच दुकानदार वाकतो. पण या सगळ्याचं दार एकाच किल्लीनं उघडतं, आणि ती किल्ली म्हणजे दुकानाचं नाव, जीएसटी नंबर आणि मालाचं वर्णन असलेला कागद. त्यावर 'पट्टा' एवढंच लिहून घेऊ नका. कुठल्या गाडीचा, कितवा, लांबी-रुंदी-जाडी किती, कोणत्या ग्रेडचं पोलाद, हे लिहून मागा. जो लिहून देत नाही त्यानं उत्तर दिलंच म्हणा.

पट्टा हातात आल्यावरही थोडं बघता येतं. १२० सेंटीमीटर लांब, ६ सेंटीमीटर रुंद आणि ७ मिलीमीटर जाड पट्टा ४ किलोच्या आसपास भरला पाहिजे. काट्यावर ठेवा. साडेतीन भरला तर सांगितलेली जाडी नाही. वजनावरून पोलाद कळत नाही, पण माणूस कळतो. आणि जाडीच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकून ६ चा ८ मिलीमीटर करू नका. जाडी सव्वापटीच्या वर थोडी वाढते, पण पट्ट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे जवळजवळ २.४ पट होतो. मग रिकामी गाडी दगडासारखी उडते, खड्ड्यात टायर रस्ता सोडतो, यू-बोल्ट सैल होतात, पुढेमागे चेसिसला तडा जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, जे मला दुकानात कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कमानी जादा वजन पेलते, ब्रेक पेलत नाही. ड्रम तेवढाच, लायनर तेवढंच. गाडी मागून ताठ दिसते म्हणून वजन जास्त आहे हे विसरायला होतं. बसलेली कमानी निदान ओरडून सांगत होती.

यातलं सगळ्यात बोचतं ते हे की हे सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे. मँगनीज चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या पोटात. वरठीला सनफ्लॅगचा कारखाना, गाड्यांच्या उद्योगासाठी मिश्र पोलाद बनवणारा. गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँड, जिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. पट्टा बरोबर आहे की नाही हे ओळखणारी माणसं, यंत्रं, प्रयोगशाळा या एका जिल्ह्यात असताना गोबरवाहीचा जीपवाला स्टिकर वाचून पट्टा घेतो.

आता ते कलम १८२-अ. त्याच्या चौथ्या पोटकलमात मालकाबद्दल लिहिलंय: परवानगी नसलेला कुठलाही बदल केला, बाहेरचा पार्ट बसवला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. तिसऱ्या पोटकलमात विकणाऱ्याबद्दल आहे: वर्षभरापर्यंत कैद किंवा प्रत्येक नगामागे १ लाख दंड, किंवा दोन्ही. वाचताना वाटतं, वा, विकणाऱ्याला वीसपट! पण पुन्हा वाचा. विकणाऱ्याला हे कधी लागू? तर केंद्र सरकारनं जो भाग 'सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक' म्हणून अधिसूचित केलाय आणि जो नियमात बसत नाही, तोच विकला तर. मालकाच्या पोटकलमात अशी कुठलीही अट नाही. पोरानं सायलेन्सर बसवला, गुन्हा. जीपवाल्यानं वजन वाढवायला पट्टा टाकला, तोही सापडला तर तोच भरणार. दुकानदाराला विचारायचं तर आधी यादी काढा, यादीत तो भाग आहे का बघा, नियमात बसतो का तपासा. रस्त्यावर उभा असलेला हवालदार यातलं काय करू शकतो? तो समोरची गाडी थांबवतो.

म्हणजे १९३९ मध्ये मालकानं कळवायचं आणि कार्यालयानं आठवड्यात बोलायचं, असा व्यवहार दोघांत होता. आज मालकानं काही करायचंच नाही, आणि जो करून देतो तो मधल्या मध्ये मोकळा. काळ्या-पिवळ्या गेल्या, पिकअप आल्या, पिवळ्या चिठ्ठीच्या जागी मोबाइलवरची ऑर्डर आली, तरी दुकानदाराचं वाक्य तेच आहे.

गावातले काहीजण म्हणतील, दुकानदारांवर धाडी पडल्या तर गरिबाचा स्वस्त पार्टही बंद होईल. मला तो धोका दिसतो. बसलेली गाडी उभी ठेवून घरात बसणं आमच्या घरालाही परवडलं नसतं. म्हणून मी पट्टा बंद करा म्हणत नाही. विकणाऱ्यानं त्यावर पोलादाची ग्रेड, जाडी आणि स्वतःचं नाव ठोकावं, एवढंच म्हणतोय. बिस्किटाच्या पुड्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना, किंमत छापावी लागते. खुल्या पट्ट्यावर रंग सोडून काही नसतं.

काल माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयाला दोनच गोष्टी विचारल्यात. एमएच-३६ च्या हद्दीत गेल्या तीन वर्षांत कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमाखाली किती मालकांवर कारवाई झाली, आणि तिसऱ्याखाली किती विक्रेत्यांवर. ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोपर्यंत ज्यांच्याकडे अशा पिवळ्या चिठ्ठ्या पडून असतील त्यांनी फोटो पाठवा, दुकानाचं नाव झाकून.